इडलीपात्रातले बोल्ट

प्रिय सई आणि ईशान,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, फोटोत कुंड्यांच्या खाली ते लोखंडाचं काय आहे?" मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला, कारण ते सांगायचं तर तुमच्याकडची सकाळ होऊन तुम्हाला शाळेत जायची वेळ झाली असती. म्हणून आता लिहायला बसले आहे. शिवाय शेजारच्या प्लॉटवर कालपासून पाया खणायला घेतला आहे. तिथे आधी कोण राहत होतं हे सांगणारं आमच्या गल्लीत आता माझ्याशिवाय फारसं कोणी उरलेलं नाही.

बोल्ट सोडवताना ज्याला लग्नघरचा आनंद व्हायचा आणि तो आवळताना सुतक आल्यासारखं वाटायचं, असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच होता आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. तुमच्या आजोबांचा तो शाळेपासूनचा मित्र. मित्राची बायको म्हणून ते मला वहिनी म्हणत आणि मी त्यांना भावोजी म्हणे. सरकारी बांधकाम खात्यात ते नकाशे काढत. हात असा सुंदर, की त्यांनी काढलेल्या पुलावरून चालत जावंसं वाटे. पण ते नकाशा पेन्सिलीने पुरा करत आणि शाई फिरवायची वेळ आली की शेजारच्या टेबलावर सरकवत. साहेब ओरडला तर म्हणत, "शाई लावली की झालं साहेब. मग चूक सापडली तरी ती आपली होऊन बसते." सगळी नोकरी त्यांनी पेन्सिलीत काढली.

घरातही तोच न्याय. दारावरची पाटी एका स्क्रूवर लटकलेली, त्यामुळे त्यांचं नाव वाचायला पाहुण्याला मान वाकडी करावी लागे. पलंगाचे पाय हाताने फिरवून बसवलेले, म्हणून कूस बदलायची तर आधी बायकोला सूचना द्यावी लागे. एकदा उन्हाळ्यात आमचा छताचा पंखा बंद पडला. भावोजींनी तो उतरवला, साफ केला, इतका छान दुरुस्त केला की आवाज म्हणून येईना, आणि परत टांगून स्टुलावरून उतरता उतरता म्हणाले, "दोन दिवस चालू दे. नीट बसला की मग आवळतो." तुमच्या आजोबांनी तो सबंध मे महिना खाट भिंतीला लावून, पंख्यापासून लांब, घामाघूम होऊन काढला. पंखा फिरत होता, वारा रिकाम्या फरशीवर पडत होता. मी भावोजींना म्हटलं, "अहो, एक पाना फिरवायला काय होतं तुम्हाला?" ते गंभीर झाले. "वहिनी, घट्ट करणं म्हणजे शेवट. एकदा घट्ट केलं की चूक आत अडकते."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की त्याचा मला संताप यायचा बंद झाला आणि नुसतं हताश वाटू लागलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी ते मिलिटरीच्या लिलावातून एक ट्रक घेऊन आले. छोटा, हिरवा, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारा. आणला म्हणजे दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणला. कसबा बावड्याच्या आमच्या गल्लीत तो शिरला तेव्हा कारखान्याला निघालेल्या उसाच्या बैलगाड्यासुद्धा थांबल्या. भावोजींच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. ती निपाणीकडची, बुटकी, ठसठशीत, आणि घरात एकटीच अशी, की तिने बांधलेली गाठ सुटत नसे. तिने ट्रकला हळदकुंकू लावलं, कापूर पेटवला, नारळ नवऱ्याच्या हातात दिला. सगळी गल्ली बघतेय म्हटल्यावर भावोजींना चेव चढला. नारळ उंच धरून ते म्हणाले, "ह्या गाडीची पहिली फेरी जोतिबाला! हिला पुढच्या सीटवर बसवून डोंगरावर नेणार. तोवर आम्ही दोघंही डोंगर चढणार नाही!" आणि नारळ फोडला.

भावोजींच्या दृष्टीने ते बोलणं होतं. अक्काच्या दृष्टीने पेटत्या कापरासमोर उच्चारलेला नवस होता. जोतिबा तिच्या माहेरचं आणि सासरचं दोन्हीकडचं कुलदैवत. लग्नाच्या आधीपासून ती माघातल्या रविवारी खेट्याला जायची, म्हणजे कोल्हापुरातून अनवाणी चालत डोंगरापर्यंत. त्या दिवसापासून तिचं जाणं थांबलं. दर अर्ध्या तासाला एसटी होती, वडापच्या जीपगाड्या होत्या, आम्ही स्वतः जाताना तिला बोलावत होतो. ती म्हणायची, "न्हाई वैनी. बोललंय न्हवं देवापुढं? मग आता एसटी कशी चालंल?" आणि गच्चीवर जाऊन वायव्येला डोंगर दिसतो तिकडे हात जोडायची. चैत्र पौर्णिमेला तिथूनच चिमूटभर गुलाल हवेत उडवायची. तो बहुतेक आमच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर पडायचा.

आता ट्रकचं दुखणं सांगते. गिअरबॉक्सच्या मागे अशा गाड्यांना आणखी एक लोखंडी पेटी असते, ट्रान्सफर केस. पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणं हे तिचं काम. ह्या ट्रकच्या पेटीला तडा गेला होता. भावोजींनी शाहूपुरीतल्या भंगारातून दुसरी पेटी पैदा केली. पण पेटी बदलायची, तर तिच्या खाली गाडीच्या सांगाड्याला आडवा बसवलेला जाड लोखंडी पट्टा आधी उतरवावा लागतो, कारण सगळं ओझं त्याच्यावर असतं. मिस्त्री लोक त्याला मेंबर म्हणतात. तो चार बोल्टांनी धरलेला असतो आणि प्रत्येक बोल्टाबरोबर एक वायसर, एक रबराची चकती, एक नट. बास. चार बोल्ट. एवढ्यावर अक्काचा देव अडून बसला होता.

मेंबर उतरवल्याच्या दिवशी भावोजी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आले. "वहिनी, इडलीपात्र द्या की जरा." मला वाटलं, निपाणीचे पाहुणे आले असतील. मी नवं कोरं स्टेनलेसचं पात्र आनंदाने दिलं. दुपारी बघते, तर ते ट्रकच्या मडगार्डवर ठेवलेलं. चार थाळ्या, प्रत्येक थाळीला चार वाट्या. एका थाळीला एक बोल्ट: पहिल्या वाटीत बोल्ट, दुसरीत वायसर, तिसरीत रबर, चौथीत नट. वरची थाळी म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा कोपरा, मग खाली खाली क्रमाने. मी स्वतः नीटनेटकेपणाची भोक्ती, त्यामुळे रागावतानाही मनात म्हणावं लागलं, की यापेक्षा चांगली मांडणी मला सुचली नसती. "आठ दिवसांत परत देतो," ते म्हणाले. मी दुसरं इडलीपात्र विकत घेतलं, आणि ते जुनं झालं तेव्हा तिसरं घेतलं.

कारण मेंबर चढायचा आणि उतरायचा. उद्यमनगरातून एक मिस्त्री रविवारी यायचा. आडदांड, तोंडात कायम तंबाखू. तो जॅकवर पेटी उचलून धरायचा, भावोजी गाडीखाली उताणे पडून एकेक बोल्ट बोटाने फिरवत चढवायचे. बोल्ट बोटाने चढला पाहिजे, जबरदस्ती नाही, चारही चढल्याशिवाय एकही आवळायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि नियम बरोबर होता असं मिस्त्रीही म्हणायचा. भांडण पुढे लागायचं. मी भिंतीपलीकडून धान्य निवडत ऐकत असे.

"सायेब, चारीबी चढलं. आवळू?"

"थांब."

"आवळू काय आता?"

"थांब की. ते डाव्या बाजूचं रबर जरा दबल्यागत वाटतंय."

"दबायलाच असतंय की ते! रबर हाय, न्हाईतर काय काच हाय?"

"काढू या. परत एकदा बघू."

मिस्त्री गाडीखालून बाहेर यायचा, माझ्याकडे बघून हात झाडायचा. "बघा वैनीसायेब. ह्यो मेंबर आता गाडीला लागत न्हाई, ह्यांच्या हाताला लागलाय." अक्का चहाची कपबशी घेऊन यायची आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "ह्या घरात मेंबरला जेवढं इचारत्यात तेवढं मला इचारलं असतं, तर मी काशी करून आलो असतो."

एका दिवाळीत निपाणीहून अक्काची धाकटी बहीण आली. ती अतिशय कामसू. सकाळी सगळे झोपेत असताना तिने मडगार्डवरचं इडलीपात्र पाहिलं. "अय्यो, काय ही दशा भांड्याची," म्हणत तिने सोळाच्या सोळा वाट्या एका बादलीत पालथ्या केल्या, सगळं चिंचेने आणि राखेने लखलखीत घासलं, बोल्ट सुपात वाळत घातले आणि पात्रात इडल्या लावल्या. नाश्त्याला आम्हालाही बोलावलं होतं. भावोजी ताटावर बसले, समोर इडली आली, ती कुठल्या भांड्यातून आली हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. मला वाटलं आता स्फोट होणार. पण त्यांचा चेहरा उजळला. दुसरी इडली मागून घेत ते म्हणाले, "मग आता सगळं पहिल्यापासून लावायला पाहिजे." अक्काने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते चटणीचं नव्हतं.

अशी वर्षं गेली. तुमच्या बाबाचं कॉलेज झालं, तो परदेशी गेला, तुमची आई घरात आली, तुम्ही जन्मलात. मेंबर गाडीखाली कधी चढलेला, कधी विटांवर ठेवलेला. अक्काचे गुडघे आधी गेले, मग दम लागायला लागला. गच्चीवर जाणं बंद झालं, तेव्हा ती आमच्या मागच्या अंगणात येऊन हात जोडायची, कारण तिथून दोन घरांच्या मधून डोंगराची एक फाक दिसते. मग एका हिवाळ्यात डॉक्टरांनी तिच्या छातीचा ईसीजी काढला आणि तुमच्या आजोबांना बाजूला घेऊन सांगितलं, की जपायला पाहिजे, पुढचं सांगता येत नाही. आजोबांनी ते भावोजींना सांगितलं. अक्काला कोणी सांगितलं नाही, पण तिला कळलं. त्या दिवशी ती ट्रकजवळ गेली, बॉनेटवर हात ठेवला आणि गाडीखालच्या पायांना उद्देशून म्हणाली, "औंदाच्या खेट्याला न्यायचं. फुडच्या वर्षीचं मला सांगू नगा."

भावोजी गाडीखालून बाहेर आले आणि कॅलेंडर काढून बसले.

माघाचा रविवार ठरला. आदल्या दिवशी मेंबर चढला. मिस्त्रीने विचारलं, "आवळू?" भावोजी म्हणाले, "गाडी चाकांवर उतरू दे. वजन बसू दे. पायथ्याच्या केर्लीपर्यंत सपाट रस्ता आहे, तिथवर सगळं आपापल्या जागी बसेल, मग चढ लागायच्या आधी थांबून मीच आवळतो. पाना सीटखाली ठेवलाय." मिस्त्री माझ्याकडे बघून नुसता हसला. पण ह्या वेळी भावोजी खरंच बोलत होते. त्यांनी पाना सीटखाली ठेवलेला मी पाहिला होता.

सकाळी अक्का ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पुढे बसली. मांडीवर नारळाची पिशवी आणि इडल्यांचा डबा. कित्येक वर्षांनी मोकळ्या झालेल्या माझ्या इडलीपात्रात तिने पहाटे इडल्या लावल्या होत्या. तुमचे आजोबा आणि मी मागे फळीवर, हाताला मिळेल ते धरून. आणि मुलांनो, तो ट्रक निघाला. गल्ली ओरडली, "चांगभलं!" पंचगंगेच्या पुलावर वारा आला, अक्काचा पदर उडाला, आणि ती गाऊ लागली. खेट्याच्या वाटेवर बायका म्हणतात ती गाणी, अर्धी मराठी, अर्धी कानडी. मी तिला शेजारी राहून इतक्या वर्षांत गाताना ऐकलं नव्हतं. भावोजी मध्येच तिच्याकडे बघत होते आणि रस्त्याकडे बघायचं विसरत होते. केर्ली आलं. केर्ली गेलं. चढ लागला.

पाना सीटखालीच होता. आयुष्यात एकच दिवस असा, की त्या माणसाच्या डोक्यात बोल्ट नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर खालून आवाज आला, कोणीतरी घणाने ठोकतंय असा. गाडी थांबली. भावोजी खाली शिरले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. एक बोल्ट नटासकट वाटेत कुठेतरी गळून पडला होता, बाकीचे तीन लोंबत होते, मेंबर एका कोपऱ्यात खाली आला होता. ते आणि तुमचे आजोबा उतरून वळणामागून वळण खाली शोधत गेले. मीही गेले. रस्त्यावर गुलाल सांडलेला, खेट्याची माणसं अनवाणी वर येत होती.

"काय शोधताय, पावणं?"

"बोल्ट पडलाय."

"देवाच्या वाटंवर पडलाय न्हवं? मग मिळंल की."

"किती मोठा हाय?" दुसऱ्याने विचारलं.

भावोजींनी अंगठा दाखवला. दहा-बारा माणसं वाकून शोधायला लागली. बोल्ट मिळाला नाही. परत आलो तर एक जीपवाला ट्रकशेजारी थांबून अक्काला म्हणत होता, "म्हातारे, बस की, वर सोडतो. पैसं नकोत." अक्का मान हलवत होती. भावोजींनी तिच्यापुढे हात जोडले. "जा तू. मी सोडला तो शब्द."

"तुमी सोडून काय उपेग? धरला मी हुता."

मग ती दाराला धरून हळूहळू खाली उतरली. डॉक्टरांनी उठबस नको म्हटलं होतं. ती रस्त्यावर उभी राहिली. दम खात म्हणाली, "तीन हाईत न्हवं? ते आवळा."

"चौथ्याशिवाय सरळ बसणार नाही गं. सगळं एकदा उतरवून—"

"आवळा."

"तिरकं आवळलं तर चूक आत—"

"असू दे चूक आत. मला वर जायचं हाय. आवळा म्हणतोय न्हवं मी! माझ्या देखत आवळा."

तुमच्या आजोबांनी जॅक लावला. भावोजी पाना घेऊन खाली शिरले. मी वाकून पाहिलं. पाना फिरत होता. "आणिक," अक्का वरून म्हणाली. पाना फिरला. "आणिक." तीनही बोल्ट पुरते आवळेपर्यंत ती तशीच उभी होती.

उरलेला घाट आम्ही चालणाऱ्यांच्या बरोबरीने चढलो, त्याहून जोरात नाही. वर पोचलो. पण देऊळ पायऱ्या उतरून आहे, आणि अक्काला आता दहा पावलांचीही ताकद नव्हती. भावोजींनी ट्रक जेवढा पुढे नेता येईल तेवढा नेला, जिथून कळस दिसतो तिथे. ती सीटवर बसूनच हात जोडून राहिली. भावोजी धावत खाली जाऊन गुलाल आणि अंगारा घेऊन आले. तिने अंगारा आधी स्वतःला लावला, मग वाकून ट्रकच्या डॅशबोर्डला. मग आम्ही इडल्या खाल्ल्या.

त्या दोघांकडे पाठ करून मी कळसाकडे बघत उभी होते. थोड्या वेळाने भावोजी माझ्याजवळ आले. "वहिनी, पहिल्या वर्षीच आवळला असता तर ही पायऱ्या धावत उतरली असती." ते हातावरचा गुलाल झटकत राहिले. "चूक आत अडकू नये म्हणून सैल ठेवलं. वर्षं तिथनंच गळून गेली की."

दुसऱ्या दिवशी अक्काने माझं इडलीपात्र घासून परत आणून दिलं. "घ्या वैनी तुमचं भांडं. आता सुटं कायबी ऱ्हायलं न्हाई." पावसाळ्यात ती गेली.

त्यानंतर भावोजी ट्रकखाली कधी गेले नाहीत. मला वाटलं होतं, दहावं-बारावं झालं की हा माणूस पुन्हा मेंबर उतरवणार. नाही. संध्याकाळी पुढच्या सीटवर, अक्काच्या जागी, बसून असत. दारावरची पाटी मात्र शेवटपर्यंत एकाच स्क्रूवर राहिली. गेल्या वर्षी तेही गेले. त्यांच्या पुतण्याने प्लॉट विकला आणि ट्रक न्यायला भंगारवाला आला. बाकी सगळी गाडी त्याने दुपारपर्यंत सुटी केली, पण मेंबरचे तीन बोल्ट काही हलेनात. लांब पाइप लावून दोघं लोंबकळले. शेवटी त्यांनी गॅसने सांगाडाच दोन्ही बाजूंनी कापला. मी भिंतीपलीकडून हाक मारून तो तुकडा मागून घेतला.

तोच तुम्हाला फोटोत दिसला. कुंड्यांच्या खाली आहे. तीन बोल्ट आहेत, घट्ट आहेत. चौथं भोक रिकामं आहे. जिथे ठेवला आहे तिथून डोंगराची ती फाक दिसते. आता शेजारचं बांधकाम उठलं की दिसणार नाही, पण अजून दिसते. आणि इडलीपात्र माझ्या स्वयंपाकघरात आहे, चारही थाळ्या शाबूत आहेत, त्यात इडल्या होतात.

तुमची,
आजी